तंतुकणिका, बटाटा आणि कमला सोहोनी

दिल्लीत करोल बाग आणि शेजारचं जुनं राजेंद्रनगर इथे राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मराठी मुलं कमला सोहोनींचं नाव पाठ करतात ते बहुधा एकाच ओळीत: 'सायटोक्रोम सीचा शोध लावणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञ'. ही ओळ चुकीची आहे. शिवाय तिच्यामुळे बाईंचं खरं काम झाकलं जातं.

पेशींच्या श्वसनातल्या रंगद्रव्याला सायटोक्रोम हे नाव डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली, केंब्रिजमध्येच दिलं. यीस्टचं दाट मिश्रण त्यांनी वर्णपटदर्शकातून पाहिलं, तेव्हा रंगपटावर चार गडद पट्टे दिसले. मिश्रण हवेत खळखळून हलवलं की पट्टे नाहीसे होत. थोडा वेळ तसंच ठेवलं, यीस्टने त्यातला प्राणवायू संपवला, की पट्टे पुन्हा उमटत. पेशींचं श्वसन चक्क डोळ्यांना दिसत होतं!

कमला भागवत (सोहोनी हे लग्नानंतरचं नाव) केंब्रिजला पोहोचल्या त्या यानंतर दहा-बारा वर्षांनी. रॉबिन हिल यांच्याबरोबर त्या वनस्पतींच्या श्वसनाकडे वळल्या आणि बटाट्यासारख्या ऊतींवर काम केलं. हिरव्या पानात हरितद्रव्यच इतका प्रकाश शोषतं की सायटोक्रोमचे पट्टे त्यात हरवून जातात. बटाट्यात ती अडचण नसते. सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरावरचा हिल आणि भागवत यांचा लेख १९३९ साली 'नेचर'मध्ये आला. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये दिसलेली श्वसनयंत्रणा झाडांतही चालते, हे दाखवण्यात त्यांचा वाटा आहे आणि तो मोठा आहे.

ही यंत्रणा असते ती पेशींतल्या तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रिया). इथेच दुसरा गैरसमज निघतो: झाडांना हरितलवकं असतात, मग तंतुकणिका कशाला? हरितलवकं साखर बनवतात. त्या साखरेतली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा एटीपीच्या रूपात आणण्याचं काम मुख्यतः तंतुकणिकाच करतात. मुळांना आणि जमिनीतल्या बटाट्याला तर सूर्यप्रकाश मिळतच नाही. श्वसन मात्र चोवीस तास चालू असतं.

'तंतुकणिकांचे आजार फक्त आईकडून येतात' हेही अर्धंच खरं. तंतुकणिकांचा स्वतःचा डीएनए आईकडून येतो, पण त्यात जनुकं अवघी ३७ आणि त्यांतून बनणारी प्रथिनं १३. तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रथिनं असतात. बाकीच्यांची जनुकं केंद्रकात, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेली. खुद्द सायटोक्रोम सीचं जनुकही केंद्रकातच असतं. म्हणून असा आजार दिसला की सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणं विज्ञानाला धरून नाही, आणि माणुसकीलाही.

आता पुन्हा कमलाबाईंकडे. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी १९३३ साली मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, हे खरं. पण गोष्ट तिथे थांबत नाही. त्या अडून बसल्या, जाचक अटींवर आत गेल्या आणि कामाने रामन यांचं मत बदलायला लावलं. पुढे केंब्रिजला पीएच.डी. मिळाली ती अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर.

आणि केंब्रिजनंतर संशोधन संपलं असंही नाही. १९३९ साली त्या परतल्या त्या दिल्लीलाच, लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख म्हणून. मग कुन्नूर आणि नंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे कडधान्यांतली प्रथिनं आणि नीरेचं पोषणमूल्य यांवर त्यांनी काम केलं, गरिबाच्या ताटाचा विचार करून. आयसीएमआरने दिल्लीत त्यांचा सत्कार केला, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि १९९८ साली त्यांचं निधन झालं.

करोल बागेहून मेट्रोने दोन स्थानकं पुढे रामकृष्ण आश्रम मार्ग लागतं. लेडी हार्डिंग तिथून जवळच आहे. अभ्यासातून वेळ काढून एकदा तिकडे जाऊन या. आणि वहीतली ती ओळ आजच दुरुस्त करा: सायटोक्रोम कीलिन यांचं, वनस्पतींतल्या त्याच्या कामाचा माग काढला तो हिल आणि कमला भागवत यांनी.