सायबर शिक्षणाची वाट – लेखांक ७ : करून दाखवा, मग पास

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर स्तरासाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात काय आहे ते गेल्या आठवड्यात पाहिलं. तो शिकवायचा आणि तपासायचा कसा, हा आजचा विषय. पुण्या-मुंबईतली महाविद्यालयं बाजूला ठेवून मी मुद्दाम भोकरदन तालुक्याचा विचार करतो आहे.

तिथल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात शेतकऱ्याने मिरची विकली, पैसे खात्यात आले. त्याच फोनवर व्हॉट्सॲपवरून ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल येते. ती इन्स्टॉल झाली आणि एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याच्या हाती. असा घाबरलेला शेतकरी गावातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला गाठतो. मालवेअरचे प्रकार त्या पोराने परीक्षेत दोन पानं भरून लिहिलेले असतात. पण आत्ता काय करायचं? फोन लगेच फ्लाइट मोडवर टाकायचा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवायचं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. फाइल कुठल्या नंबरवरून, किती वाजता आली ते टिपून ठेवायचं. आणि घाईघाईने फोन फॅक्टरी रिसेट करायचा नाही, कारण त्यात पुरावाच पुसला जातो.

हे सगळं न गोंधळता, योग्य क्रमाने जमणं म्हणजे क्षमता. आपल्या विद्यापीठांत मात्र सत्राचा काळ ठरलेला आणि शिकणं कमी-जास्त. चाळीस टक्के मिळाले की सुटका. क्षमताधिष्ठित पद्धतीत काय यायलाच हवं ते आधी ठरतं, वेळ मात्र कमी-जास्त होऊ शकतो. एखादं काम जमलं नाही तर पुन्हा शिका, पुन्हा करून दाखवा. दुसऱ्या प्रश्नाच्या गुणांनी ती उणीव भरून निघत नाही. सायबर सुरक्षेत हा आग्रह मला अत्यावश्यक वाटतो, कारण हल्लेखोर नेमका न आलेल्या साठ टक्क्यांतूनच आत शिरतो.

ही कल्पना आपल्याला नवखी नाही. १९९० च्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळांत किमान अध्ययन क्षमता आल्या होत्या. एमबीबीएसला २०१९ च्या तुकडीपासून हीच पद्धत लागू झाली. सायबर क्षेत्रासाठी अमेरिकेच्या ‘नाइस’ आराखड्याने काम, त्याला लागणारं ज्ञान आणि कौशल्य यांची सांगड घालून दिली आहे. धोका एकच : क्षमतांची यादी नोंदवहीत टिकमार्क करण्यापुरती उरली, तर जुनीच घोकंपट्टी नव्या नावाने सुरू राहील.

घोकंपट्टी का पुरत नाही, हे कळायला कॉसमॉस बँकेवरच्या सायबर हल्ल्याचं प्रकरण आठवा. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. १३ तारखेच्या स्विफ्ट (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीवरच्या) व्यवहारासह एकूण फटका ९४ कोटी ४२ लाखांचा. अशा वेळी एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या स्विचच्या लॉगमधला विचित्र आकडा ओळखणारी नजर लागते, आणि ती व्याख्या पाठ करून येत नाही.

म्हणून प्रात्यक्षिक परीक्षा अशी हवी : विद्यार्थ्यासमोर एका काल्पनिक पतसंस्थेच्या सर्व्हरचा लॉग आणि नेटवर्कवरची रहदारी तपासणाऱ्या वायरशार्कमध्ये उघडायची एक फाइल. रात्री दोन वाजता कुणी लॉगिन केलं, कुठून केलं, काय बाहेर गेलं, हे त्याने शोधायचं. मग संस्थेच्या अध्यक्षांना समजेल असं एक पानी टिपण साध्या मराठीत लिहायचं. या टिपणाला मी अर्धे गुण देईन, कारण ज्याला ते कळायला हवं तो माणूस संगणकतज्ज्ञ नसतो. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना सहा तासांत कळवावी लागते. तेवढ्यात नेमकं लिहिता येणं हीसुद्धा क्षमताच.

साधनांचा खर्च फारसा नाही. व्हर्च्युअलबॉक्स, काली लिनक्स, सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं डीव्हीडब्ल्यूए हे वेब ॲप, हे सगळं मोफत मिळतं. मात्र या साधनांची प्रयोगशाळा इंटरनेटपासून पूर्ण तोडलेली हवी. परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोरांना हे पहिल्याच तासाला सांगायला हवं.

खरी अडचण परीक्षकाची आहे. स्वतः कधी लॉग न तपासलेल्या प्राध्यापकाने हे काम कसं तपासावं? माझ्या मते बँकेची संगणक यंत्रणा सांभाळणारा माणूस आणि सायबर पोलीस ठाण्यातला अंमलदार यांना परीक्षक म्हणून बसवावं, त्यासाठी विद्यापीठाने नियमात जागा करावी. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाबद्दल पुढच्या आठवड्यात.