उजेड न पाडणारी बॅटरी

सोसायटीच्या सीसीटीव्हीत रात्री भूत दिसतं, ही बातमी कधी ना कधी तुमच्याही कानावर आली असेल. पांढरंफटक, आठ हातांचं, अख्ख्या पार्किंगवर पसरलेलं! वॉचमनकाका काठी आपटत पार्किंगमध्ये जातात, तर तिथे चिटपाखरूही नाही. परत येऊन स्क्रीनकडे बघतात, तर भूत जागच्या जागी. वर आता हातपायही हलवतंय.

हे भूत पार्किंगमध्ये नसतंच. ते बसलेलं असतं कॅमेऱ्याच्या नाकावर. नखाएवढा कोळी! त्याने कॅमेऱ्याच्या काचेसमोर बोटभर अंतरावर जाळं विणलेलं असतं, आणि स्क्रीनवर त्या जाळ्याचा धागान् धागा लखलखत असतो. पण खाली उभं राहून तुम्ही डोळ्यांनी त्या जाळ्याकडे बघितलंत, तर काळोखात ते धड दिसतही नाही. मग कॅमेऱ्याला ते एवढं झगमगीत कसं दिसलं? त्याच्यावर उजेड टाकला कोणी?

कॅमेऱ्यानेच. रात्री त्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीची कडा लांबूनच बघा. मण्यांएवढ्या दिव्यांची रांग दिसेल. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते दिवे विझत आलेल्या निखाऱ्याइतके मंद लाल दिसतात. वाटतं, यांच्या उजेडात काय दिसणार, कपाळ? पण खरं तर ते दिवे जोरात पेटलेले असतात. त्यांचा उजेड आपल्याला दिसत नाही, एवढंच.

या उजेडाला म्हणतात इन्फ्रारेड. तुमच्या शाळेच्या पुस्तकात ‘अवरक्त किरण’ असं लिहिलेलं असेल. इंद्रधनुष्यात जिथे तांबडा पट्टा संपतो, त्याच्या पलीकडे हा उजेड असतो. त्याची ताकद तांबड्या उजेडापेक्षाही कमी. आपल्या डोळ्यांच्या पडद्यातल्या रंगद्रव्याला जागं करायला जेवढा धक्का लागतो, तेवढा धक्का देणं या किरणांना जमत नाही. म्हणून ते डोळ्यांत शिरले तरी मेंदूपर्यंत निरोप जात नाही. कॅमेऱ्यातली सिलिकॉनची चिप मात्र एवढ्या धक्क्यानेही जागी होते.

खोटं वाटतंय? टीव्हीचा रिमोट घ्या. खोलीतले दिवे बंद करा आणि रिमोटच्या टोकावरच्या मण्याकडे बघत बटण दाबा. काही दिसणार नाही. आता मोबाइलचा कॅमेरा सुरू करून त्यातून बघा आणि पुन्हा बटण दाबा. मणी जांभळट-पांढरा लुकलुकायला लागेल. मागच्या कॅमेऱ्यातून दिसलं नाही, तर सेल्फीचा कॅमेरा वापरा. मागच्या कॅमेऱ्यावर हा उजेड अडवणारी गाळणी बहुधा जास्त चांगली असते. हल्लीचे काही रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांचा मणी लुकलुकणार नाही. म्हणून लगेच ‘रिमोट बिघडला’ अशी दवंडी पिटू नका.

ही गाळणी कशाला हवी? कारण दिवसा इन्फ्रारेड आत आला की फोटोतले रंग बिघडतात. म्हणून सीसीटीव्हीतही दिवसभर भिंगामागे एक गाळणी असते. संध्याकाळी दिवेलागणीला घरातल्या किंवा जिन्यातल्या कॅमेऱ्याजवळ कान देऊन थांबा. बऱ्याच कॅमेऱ्यांतून ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. ती गाळणी बाजूला सरकली! त्या क्षणी स्क्रीनवरचे रंग उडतात आणि चित्र काळंपांढरं होतं. आता कॅमेरा स्वतःच्या बॅटरीच्या उजेडात बघायला लागला. (बॅटरी म्हणजे इथे टॉर्च बरं का, सेल नव्हे.)

या उजेडात जग भलतंच दिसतं. तुमचा काळा कुळकुळीत शर्ट कदाचित राखाडी, नाहीतर चक्क पांढरट दिसेल. कारण कापड रंगवायचे कितीतरी रंग आपल्याला दिसणारा उजेड गिळतात, पण इन्फ्रारेड गिळत नाहीत, परत पाठवतात. झाडाची पानं तर बर्फ पडल्यासारखी पांढरी. ग्लासात काळं कोला ओता, तर कॅमेऱ्याला त्याच्यातून आरपार दिसतं! ज्यांच्या घरी असा कॅमेरा आहे त्यांनी करून बघा आणि नंतर कोला कोणी प्यायचं यावरून भांडा.

पण जो उजेड कुणालाच दिसत नाही, तो सापडला कसा? गोष्ट १८०० सालची. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. इंग्लंडमध्ये येऊन तो पोटासाठी संगीत वाजवायचा आणि रात्री दुर्बीण लावून आकाश बघायचा. १७८१ मध्ये त्याने युरेनस शोधला आणि संगीतकाराचा खगोलशास्त्रज्ञ झाला. सूर्याकडे दुर्बिणीतून बघायला तो रंगीत काचा वापरायचा. (तुम्ही हे अजिबात करायचं नाही. डोळे जातील.) तेव्हा त्याच्या लक्षात आलं की काही काचांतून उजेड कमी येतो पण ऊब जास्त लागते, आणि काहींचं बरोबर उलटं. मग कोणत्या रंगात ऊब जास्त?

त्याने सूर्याचा किरण लोलकातून जाऊ दिला आणि टेबलावर रंगांचा पट्टा पाडला. थर्मामीटरचे फुगे काळे करून ते एकेका रंगात ठेवले. जांभळ्यापेक्षा हिरव्यात पारा जास्त चढला, हिरव्यापेक्षा तांबड्यात जास्त. इथपर्यंत ठीक. मग त्याने तांबड्याच्या पलीकडे, जिथे टेबलावर काहीच रंग दिसत नव्हता, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा आणखी चढला! रिकाम्या जागेत सगळ्यात जास्त ऊब. बहुतेकांनी ‘थर्मामीटर बिघडला’ म्हणून तो पुसून पेटीत ठेवला असता. हर्शेल तिथेच अडून बसला, आणि सूर्याकडून न दिसणारे किरणही येतात हे त्याने जगाला सांगितलं.

आता सिनेमात सैनिक डोळ्यांवर लावतात ती नाइट व्हिजनची दुर्बीण बघू. तिच्यात चालतं ते सीसीटीव्हीपेक्षा वेगळं, आणि मला विचाराल तर त्याहून भन्नाट. भिंगातून आलेला अंधूक उजेड एका पातळ थरावर पडतो आणि तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. पुढे नाण्याएवढी काचेची चकती असते. तिला लाखो भोकं, एकेक भोक केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि सगळी जराशी तिरकी. तिरकी का? म्हणजे आत शिरलेला इलेक्ट्रॉन सरळ निघून जाणार नाही, भिंतीला धडकेल. धडकला की आणखी काही इलेक्ट्रॉन उडवतो, ते पुन्हा धडकतात, ते आणखी उडवतात. चाळीच्या पहिल्या खोलीत एकीला सांगितलेली गुपित बातमी शेवटच्या खोलीपर्यंत अख्ख्या चाळीची होते, तसंच. एक इलेक्ट्रॉन आत जातो आणि हजारो बाहेर पडतात. ते समोरच्या पडद्यावर आदळले की पडदा चमकतो आणि चित्र दिसतं. पण इलेक्ट्रॉनला कुठला आलाय रंग? म्हणून चित्र एकरंगी. पूर्वीपासून तो पडदा हिरवा करतात, कारण आपले डोळे हिरव्या उजेडाला सगळ्यात तिखट असतात. हल्ली पांढऱ्या पडद्याच्या दुर्बिणीही मिळतात.

अशा दुर्बिणीला चांदण्यांचा उजेडही पुरतो. पण गुहेत, तळघरात किंवा अवसेच्या ढगाळ रात्री दाट झाडीत तेवढाही नसतो. शून्याला हजाराने गुणलं तरी शून्यच! तिथे आपली न दिसणारी बॅटरी हवीच. गुहेतली वटवाघळं मोजणारे अभ्यासक असेच इन्फ्रारेड दिवे लावतात. साध्या टॉर्चचा झोत पडला असता, तर वटवाघळांची झोपमोड झाली असती.

आणि बॅटरी कोणतीही चालत नाही, बरं का! या बॅटऱ्या मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. एक ८५० नॅनोमीटरची, दुसरी ९४० नॅनोमीटरची. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रकाशाच्या लाटेची लांबी त्यात मोजतात, आणि आपले डोळे साधारण ७०० पर्यंतच नीट पोचतात, त्यापुढचं फारच मंद दिसतं. ८५० ची बॅटरी समोरून बघितली तर मंद लाल दिसते, म्हणजे थोडी चुगली करते. ९४० ची अजिबात दिसत नाही. मग ९४० च चांगली नाही का? थांबा. सिलिकॉनच्या चिपलाही ९४० जरा कमीच दिसतो, त्यामुळे तेवढ्याच ताकदीच्या दिव्यात कमी लांबचं दिसतं. आणि इलेक्ट्रॉनवाल्या दुर्बिणीला तर साधारण ९०० च्या पुढे जवळजवळ काहीच दिसत नाही. हौसेने महागडी दुर्बीण घ्यायची आणि तिला ९४० ची बॅटरी जोडायची, म्हणजे आंधळ्याला आरसा!

अशी एखादी बॅटरी हातात आलीच, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिच्याकडे जवळून रोखून कधीच बघायचं नाही. नेहमीचा झोत डोळ्यांवर आला की पापण्या आपोआप मिटतात, बाहुली बारीक होते. इथे डोळ्यांना झोत आल्याचं कळतच नाही, त्यामुळे ते स्वतःला वाचवत नाहीत.

या बॅटरीची पहिली मोठी परीक्षा लढाईत झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मन सैनिकांकडे आणि अमेरिकन सैनिकांकडेही बंदुकीवर बसवलेला इन्फ्रारेड दिवा आणि दुर्बीण होती. १९४५ मध्ये ओकिनावा बेटावर अमेरिकनांनी ती वापरली. त्यासाठी पाठीवर वीज पुरवणारं धूड वागवावं लागे. सगळं मिळून वजन दहा किलोंच्या वर! शत्रूकडे तसली दुर्बीण नाही तोवर मजा होती. पण एकदा ती त्याच्याकडेही आली की? तुम्ही अंधारात लपून दिवा लावलाय, तुमच्या मते कुणालाच दिसत नाही, आणि समोरच्याच्या दुर्बिणीत मात्र तुमचा दिवा भर रात्री झळकतोय. लपंडावात लपायचं आणि हातात पेटता कंदील धरायचा, त्यातलाच प्रकार. म्हणून पुढे विनादिव्याच्या, चांदण्यांवर भागवणाऱ्या दुर्बिणी आल्या. १९६० च्या दशकात अमेरिकन सैन्याने त्या व्हिएतनाममध्ये नेल्या.

जंगलात मात्र दुर्बीण लावणारा शत्रू नसतो, आणि तिथे ही बॅटरी मनापासून कामाला येते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे राहतात. पलीकडे इमारतींचे दिवे, अलीकडे बिबट्याची पायवाट. त्या पायवाटेच्या कडेला झाडाला गुडघ्याच्या उंचीवर एक पेटी बांधतात. तिला म्हणतात कॅमेरा ट्रॅप. समोरून काही उबदार हललं की पेटी जागी होते आणि फोटो काढते. इन्फ्रारेडवाल्या पेटीचा उजेड बिबट्याच्या डोळ्यांवर लख्खकन येत नाही. फोटोत त्याचे डोळे दोन पांढऱ्या गोट्यांसारखे चमकतात, कारण त्याच्या डोळ्यांच्या पडद्यामागे आरसा असावा तसा एक थर असतो. तरी प्राणी काही अगदीच भोळे नसतात. पेटीसमोर थबकून तिच्याकडे टक लावून बघणारे, तिला हुंगणारे प्राणी अशा फोटोंत पुष्कळ सापडतात.

वाघांच्या मोजणीत मात्र बऱ्याचदा साधा पांढरा फ्लॅशच वापरतात. कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि ते ओळखायला स्वच्छ फोटो लागतो. इन्फ्रारेडमधला चालत्या वाघाचा फोटो पुष्कळदा फिसकटतो. पेट्याही वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक अशा लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टेही सारखे नसतात! २०१८ च्या मोजणीत भारतात २६,८३८ जागी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो काढले. त्यात वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. म्हणजे बाकीचे सगळे गाई, हरणं, रानडुकरं, माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत. एवढे फोटो चाळणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आता कोणीतरी हात वर करेल, की आमच्या आंबोलीतल्या चापडा सापालाही इन्फ्रारेड कळतं म्हणतात. बरोबर आहे. त्याच्या डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळग्याला ते जाणवतं. पण ते इन्फ्रारेड वेगळं, खूप लांब लाटांचं. उंदराच्या अंगाची ऊबच ती. थर्मल कॅमेराही तीच ऊब बघतो, म्हणून त्याला बॅटरी लागत नाही. पण त्याची एक गंमत आहे. तुम्ही खिडकीच्या बंद काचेमागे उभे राहिलात, तर तुम्ही त्याला दिसत नाही, कारण ती ऊब काचेतून पार होत नाही. आणि त्याच्यासमोर पेपर धरला, तर त्याला कोरा कागद दिसतो. शाई आणि कागद सारखेच गार ना! बॅटरीवाल्या कॅमेऱ्यातून पेपरातली अक्षरं बहुधा वाचता येतात. फक्त खिडकीआडून बॅटरी मारायची नाही. काचेवरून झोत उलटा येतो आणि चित्रभर नुसता पांढरा गोळा. पाऊस आणि धुक्यातही तेच होतं.

बॅटरी आणि दुर्बीण दोन्ही स्वतःच्या अंगातच असलेला एक पठ्ठ्या खोल समुद्रात आहे. त्याचं नाव मॅलाकोस्टियस. वीतभर लांबीचा काळा मासा. समुद्रात खोलवर सूर्याचा तांबडा उजेड पोचत नाही, त्यामुळे तिथल्या बहुतेक जीवांना फक्त निळा दिसतो. या माशाच्या डोळ्याखाली मात्र दिवा आहे, लाल रंगाच्या अगदी काठावरचा. तो दिवा भक्ष्याला दिसत नाही, याला दिसतो. आणि तो दिसावा म्हणून याच्या डोळ्यात आहे काय, तर पानांतल्या हरितद्रव्यापासून बनलेला एक पदार्थ! मासा काही पाला खात नाही. तो पदार्थ बहुधा त्याला कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांतून मिळतो. एवढा मोठा जबडा, दात सुयांसारखे, चोर-बॅटरी तयार, आणि साहेबांच्या पोटात सापडतात काय, तर ढीगभर कोपेपॉड. एकेक भाताच्या शिताहून लहान.