कार्डाचे ग्रेडिंग : संस्था कशी निवडावी

ग्रेडिंग म्हणजे काय

बेसबॉल, बास्केटबॉल, पोकेमॉन यांची संग्राह्य कार्डे त्रयस्थ संस्थेकडे पाठवली की कार्ड अस्सल आहे का आणि कोणी कडा कापून किंवा रंग भरून त्यात फेरफार केला आहे का, हे प्रथम तपासले जाते. मग त्याच्या स्थितीला 1 ते 10 या श्रेणीत अंक मिळतो आणि कार्ड कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणात बंद होते. संग्राहक या आवरणाला ‘स्लॅब’ म्हणतात. लेबलावर कार्डाची ओळख, अंक आणि प्रमाणपत्र क्रमांक असतो. सोन्याच्या हॉलमार्कशी याचे साम्य अर्धेच आहे. हॉलमार्कमागे शुद्धतेचे मोजमाप असते, तर कार्डाच्या अंकामागे मुख्यतः प्रशिक्षित नजर. त्यामुळे तेच कार्ड स्लॅब फोडून पुन्हा पाठवल्यास वेगळा अंक मिळू शकतो, आणि असे करून पाहणारे पुष्कळ आहेत.

अंक कसा ठरतो

सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग या चार बाबी पाहिल्या जातात. यांपैकी पट्टीने नीट मोजता येते ते सेंटरिंग, म्हणजे छापील चित्राभोवतीच्या समासांचा समतोल. नेहमीचे कार्ड 63.5 × 88.9 मिमी असते. डावा समास 2.2 मिमी आणि उजवा 1.8 मिमी असेल तर प्रमाण 55:45 होते. सर्वोच्च अंकासाठी दर्शनी बाजूला साधारण एवढाच कल चालतो. म्हणजे प्रश्न अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरकाचा असतो, आणि तो दोष कारखान्यातल्या कापणीचा असल्याने कार्ड कितीही जपले तरी जात नाही. पोकेमॉन कार्डाच्या निळ्या पाठीवर कडेला सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला तरी 10 ची आशा मावळू लागते. चकचकीत पृष्ठभागावरचे ओरखडे समोरून दिसत नाहीत. त्यासाठी कार्ड दिव्याखाली तिरके धरावे लागते.

प्रमुख संस्था

नावाजलेल्या चारही संस्था अमेरिकी आहेत. पीएसए 1991 पासून काम करते आणि बाजारात तिचे वजन सर्वाधिक आहे. एसजीसी 1998 ची. काळ्या चौकटीतले तिचे स्लॅब जुन्या कार्डांना शोभतात. बीजीएस 1999 ची असून चारही बाबींचे स्वतंत्र उपअंक देण्यासाठी ती ओळखली जाते. चारही उपअंक 10 असतील तर काळे लेबल मिळते आणि किंमत फार चढते. कॉमिक्समध्ये आधीच प्रस्थापित असलेली सीजीसी 2020 मध्ये कार्डांकडे वळली. पीएसएची मालक कंपनी ‘कलेक्टर्स’ हिने 2024 मध्ये एसजीसी विकत घेतली. म्हणजे लेबले वेगळी असली तरी स्पर्धा दिसते तितकी खुली नाही.

निवड कशावर करावी

अंकाला किंमत येते ती अंक देणाऱ्याच्या नावामुळे. दोन संस्थांचे ‘10’ एकाच भावाने विकले जात नाहीत, आणि बीजीएसच्या 9.5 ला पीएसएमध्ये समांतर अंकच नाही. तेथे 9 नंतर थेट 10. विक्रीचा हेतू असेल तर त्याच कार्डाचे, त्याच अंकाचे, प्रत्यक्ष झालेले व्यवहार पाहावेत. विक्रेत्याने मागितलेली किंमत हा पुरावा नव्हे. आधुनिक क्रीडा-कार्डे आणि पोकेमॉन यांत पीएसएकडे कल दिसतो. जुन्या कार्डांत एसजीसीलाही मान आहे. टॉप्स कंपनीच्या 1952 च्या संचातले बेसबॉलपटू मिकी मँटल याचे कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेले, ते एसजीसी 9.5 होते. केवळ स्वतःच्या संग्रहासाठी असेल तर शुल्क, वेळ आणि स्लॅबचे रूप एवढे निकष पुरे.

खर्च आणि वेळ

शुल्क कार्डाच्या घोषित किमतीनुसार व सेवेच्या वेगानुसार बदलते. अंक चांगला मिळून किंमत वाढली तर काही ठिकाणी वाढीव शुल्कही लागते. मुदती कागदावरच राहू शकतात. मार्च 2021 मध्ये कार्डांचा एवढा ढीग साचला की पीएसएने बहुतेक सेवा काही काळ थांबवल्या. भारतातून पाठवताना दोन्ही बाजूंचे कुरिअर, विमा आणि सीमाशुल्काची कागदपत्रे हाच मोठा खर्च होतो. हिशेब 10 वर मांडू नये, 9 वर मांडावा: 9 मिळाल्यावरही सुट्या कार्डाची किंमत आणि सगळा खर्च भरून निघत नसेल तर कार्ड साध्या स्लीव्हमध्येच बरे.

मर्यादा

फेरफार तपासणीतून निसटूही शकतो. पीएसएने ग्रेड केलेले पहिलेच कार्ड बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे, प्रसिद्ध टी206 मालिकेतले. त्याला 8 मिळाले. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी 2013 मध्ये न्यायालयीन कारवाईत दिली. तोवर ते कार्ड लाखो डॉलरला अनेकदा विकले गेले होते. दुसरा धोका बनावट स्लॅबचा. प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या नोंदीत सापडला तर तो क्रमांक खरा आहे एवढेच कळते, कारण नकली लेबलावर खऱ्या स्लॅबचा क्रमांक उतरवता येतो. नोंदीत छायाचित्र असेल तर कार्डावरची एखादी छपाईरेषा किंवा समासांचा कल हातातल्या कार्डाशी ताडून पाहणे हा अधिक विश्वासार्ह उपाय.