दादीच्या संदुकीतली अशरफी: मोडीत घालण्याआधी हे वाचा

सोन्याचा भाव चढला की जुनं सोनं बाहेर निघतं. बांगड्या निघतात, तुटलेले झुमके निघतात, आणि नांदेड-लातूरकडच्या एखाद्या घरात दादीच्या संदुकीच्या तळाशी मलमलच्या चिंधीत बांधलेली छोटीशी अशरफीही निघते. सराफ ती वजन करतो, टंच काढतो, मोडीचा भाव सांगतो आणि दोन मिनिटांत ती गोष्ट संपते. त्यात गमावलं किती, हे घरच्यांना कळतच नाही. कारण ती नेमकी काय आहे, हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं.

मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. इथला रुपया इंग्रजांचा नव्हता, निजामाचा होता. आपले बुजुर्ग त्याला ‘हाली सिक्का’ म्हणायचे आणि इंग्रजी रुपयाला ‘कलदार’. सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली, हा हिशेब तेव्हा पोराटोरांनाही पाठ असे. याच संस्थानाची सोन्याची नाणी म्हणजे अशरफी. ती चार मापांत निघायची: पूर्ण, अर्धी, पाव आणि अर्धपाव. पूर्ण अशरफीचं वजन 11.18 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या तोळ्याला जरा कमी. अर्धी 5.59, पाव 2.79 आणि सगळ्यात लहान साधारण 1.4 ग्रॅमची. सोनं 91 टंच.

लहान नाण्यांचा शौक जगभर आहे. अमेरिकेने 1849 ते 1889 या काळात सोन्याचा एक डॉलर पाडला. त्याचं वजन 1.67 ग्रॅम, आणि सुरुवातीची नाणी तर जेमतेम 13 मिलिमीटर रुंद. तिथले संग्राहक आज त्याच्या मागे वेडे आहेत. 1933 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायला लावलं, तेव्हाही संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना सूट दिली होती. आपली अर्धपाव अशरफी त्या डॉलरपेक्षाही हलकी आहे. पण तिची किंमत आपण वितळवून करतो.

‘अशरफी’ हे नावही लांबून आलं आहे. इजिप्तचा ममलुक सुलतान अल-अशरफ बर्सबाय याने 1425 च्या सुमारास सोन्याचं नवं नाणं काढलं. त्या वेळी बाजारात व्हेनिसच्या डुकॅटचा जोर होता, त्याला हटवण्यासाठी. सुलतानाच्या नावावरून ती अशरफी झाली. गंमत म्हणजे तेच व्हेनिसचं नाणं महाराष्ट्रातही आलं. त्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्याकडे त्याची ‘पुतळी’ झाली आणि पुतळ्यांची माळ बायकांच्या गळ्यात गेली. तिकडे बाजारात एकमेकांशी भांडणारी दोन नाणी इकडे शेजारच्या दोन घरांत दागिना म्हणून नांदली.

आता ओळखायची कशी? यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर एका बाजूला चारमिनार असतो. मधल्या कमानीत बारीक अक्षर दिसतं. तिथे ‘मीम’ असेल तर नाणं मीर महबूब अली खान (सहावे निजाम) यांच्या काळचं, ‘ऐन’ असेल तर 1911 साली गादीवर आलेले मीर उस्मान अली खान यांच्या काळचं. निजामांच्या नाण्यांवर 92 हा आकडाही सापडतो. तो किमतीचा नाही, सनाचाही नाही. अबजद हिशेबाने ‘मुहम्मद’ (स.) या नावाच्या अक्षरांची बेरीज आहे: मीम 40, हे 8, मीम 40, दाल 4. दुसऱ्या बाजूला ‘जर्ब फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’, म्हणजे हैदराबादेत पाडलेलं. त्याच बाजूला निजामाच्या कारकिर्दीचं वर्ष, म्हणजे जुलूस सन. चारमिनारच्या बाजूला हिजरी सन. जमिनीच्या जुन्या कागदांवर फसली सन असतो, त्याची गल्लत इथे करू नका. नाण्यावर 1337 असेल तर ते 1918-19 चं.

एवढ्या अशरफ्या घराघरांत आल्या कुठून? काही पगारदार आणि जागीरदार घरांतून. उस्मान अली खान यांना भेटायला जाताना एक अशरफी आणि चार रुपये नजर करायचा रिवाज होता, त्यामुळे ऐपतदार माणूस अशरफी बाळगूनच असे. बाकी लग्नात, मुलाच्या जन्माला, मुंहदिखाईला दिलेल्या. बऱ्याच नाण्यांना कडी डागलेली असते, कारण ती गळ्यात घातली गेली. संग्राहकाच्या लेखी कडीची खूण म्हणजे किंमत उतरली. चिंच-लिंबू लावून चकचकीत केलेलं नाणंही तसंच. म्हणून घासू नका. सराफाला कसोटीवर कड घासू देऊ नका, मशीनवर टंच काढायला सांगा. वजनात चांगलाच फरक असेल तर नाणं नकली असू शकतं, किंवा कोण्या सोनाराने हौसेने पाडलेलं. लातूरच्या गंजगोलाईत काय, नांदेडच्या सराफ्यात काय, सराफ सोन्याचा भाव सांगेल. नाण्याचा भाव नाणी जमवणाऱ्याकडे किंवा नाण्यांच्या लिलावातच कळतो. निदान दोन ठिकाणी विचारल्याशिवाय देऊ नका.

दीनचा हिशेब याहून महत्त्वाचा, आणि इथेच चुका जास्त होतात. ‘हे तर शौकाचं नाणं, वापरात कुठं आहे’ असं म्हणून लोक ते जकातीतून सोडून देतात. हनफी मसलकात सोनं हे सोनंच, नाणं असो की दागिना. नाण्यात सोन्याचा भाग जास्त असेल तर ते सगळं सोन्यात धरलं जातं. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम. हा जुना तोळा आहे, 11.66 ग्रॅमचा, सराफाचा आजचा 10 ग्रॅमचा तोळा इथे लावू नका. नुसत्या अशरफ्या असतील तर सातपर्यंत निसाब भरत नाही, आठवीला भरतो. पण नुसत्या अशरफ्या कोणाकडे असतात? सोबत बँकेत पैसे असतात, थोडी चांदी असते. सगळं मिळून 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढं झालं तरी आपले उलमा जकात सांगतात, आणि आजच्या भावात त्यासाठी एक अशरफी आणि थोडी रोकड पुरते. विकण्यासाठी नाणी घेत असाल तर ती व्यापाराचा माल, तेव्हा बाजारभाव लावायचा. घरात जपून ठेवलेल्या दुर्मीळ नाण्याचा हिशेब आपल्या मुफ्तीसाहेबांना वजन आणि टंच सांगून विचारून घ्या.

दुसरी गोष्ट अदलाबदलीची. जुनी अशरफी द्यायची आणि तेवढ्यावर नवा दागिना घ्यायचा, हे सर्रास चालतं. सोन्याच्या बदल्यात सोनं असेल तर वजन सारखं हवं आणि हातोहात हवं, नाहीतर तो रिबा होतो. वाट सोपी आहे: आधी अशरफी रोखीने विका, पैसे हातात घ्या, मग त्या पैशांनी दागिना घ्या. खैबरच्या खजुरांच्या प्रसंगात हीच वाट दाखवलेली आहे.

आणि अशरफी कोणाची, हे विकण्याआधी ठरलं पाहिजे. दादीला मेहरमध्ये मिळालेली असेल तर ती दादीची होती, दादांची नाही. तिच्या मागे ती तिच्या सगळ्या वारसांची, सासरी गेलेल्या मुलींसकट. ‘घरात सापडली म्हणजे घरात राहणाऱ्याची’ असा नियम शरियतमध्ये नाही. मेहर दिलाच नसेल तर ते नवऱ्यावरचं कर्ज, वाटणीआधी फेडायचं.

सरकारी कायदाही माहीत असू द्या. जुना वाडा पाडताना जमिनीत किंवा भिंतीत पुरलेली नाणी सापडली, तर 1878 च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यात किमतीची मर्यादा फक्त 10 रुपये आहे. संदुकीतल्या वारशाच्या नाण्याला हा कायदा लागत नाही. मात्र शंभर वर्षं झालेलं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. दुबई-जेद्दाहला असलेल्या भावाला भेट म्हणून 1337 ची अशरफी सामानात घालणं अंगाशी येऊ शकतं.