अब्बांच्या दाढीतला कापूस

अब्बा गेले तेव्हा मी त्यांच्यावर एक ललित लेख लिहिला होता. 'वडील म्हणजे वटवृक्ष', 'आभाळाएवढी माया' असं बरंच काही त्यात होतं. मानोऱ्याच्या घरी तो वाचून दाखवला. अम्मीनं शांतपणे ऐकला आणि विचारलं, "अच्छा लिखा रे, मगर ये किसके अब्बा है?"

मित्रहो, ललित लेखनाचा पहिला धडा मला तिथं मिळाला. लेखात शब्द पुष्कळ होते, अब्बा कुठंच नव्हते.

ललित लेखाला मोठी घटना लागत नाही. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' आठवा. सभेत त्यांची ओळख थोरांची मुलगी, सून, पत्नी अशी करून दिली जाते. तरी काही राहून गेल्यासारखं वाटतं. मग रस्त्यात काही मुलं त्यांना वर्गमित्राची आई म्हणून ओळखतात आणि ओळख पुरी होते. मातृत्वाच्या थोरवीवर पानभर लिहूनही जे साधलं नसतं, ते या एका प्रसंगानं साधलं.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ सालचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने. 'निसर्ग सुंदर आहे' एवढ्यावर त्या थांबत नाहीत. झाड कोणतं, पालवीचा रंग कसा, फूल केव्हा येतं, हे त्या नावानिशी सांगतात. नाव कळलं की वाचकाला झाड दिसतं.

प्रतिमेचंही तसंच. वटवृक्ष मी उसना आणला होता. आमच्या घरात होता कापूस. अब्बा पिंजारी, गाद्या भरायचे.

मी लेख नव्यानं लिहिला. आधी 'वडील' खोडून 'अब्बा' केलं. भाषा शुद्ध दिसावी म्हणून घरातले शब्द उंबऱ्याबाहेर ठेवायची मला सवय लागली होती. त्या शुद्धतेपायी बापच हरवला होता. मग पिंजणाच्या तातीचा आवाज आला. दाढीत अडकलेला कापूस आला. संध्याकाळी अम्मी तो वेचायची. पावसाळ्यात काम नसे. तेव्हा दाढी स्वच्छ असे आणि घर गप्प.

तुम्हीही लिहून झालं की विशेषणांवर बोट ठेवून वाचा. माणूस उरला, तर लेख उरला.

नवा लेख अम्मीला वाचून दाखवला. या वेळी तिनं 'किसके अब्बा' विचारलं नाही. पावसाळ्याच्या ओळीपाशी मला थांबवून म्हणाली, "किराने की उधारी कायको छोड दी?"

तीही मग लिहिली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)