ताणावरची बाग आणि कोरडी प्रार्थना



आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात डिसेंबर लागला की आंबिया बहारासाठी संत्र्याच्या बागेचे पाणी तोडतात. महिना-दीड महिना झाडाला ओलित मिळत नाही. पाने मलूल होतात, त्यांची चकाकी जाते. नवख्या माणसाला वाटते, बाग गेली! पण जाणता शेतकरी म्हणतो, "बाग ताणावर आहे." या काळात झाडाची वाढ थांबते आणि फांद्यांत अन्न साठते. पुढे ताण तोडून पाणी दिले की त्याच फांद्यांवर फुले येतात.

प्रार्थनेतही असा काळ येतो. पुष्कळ जण मला म्हणतात, "फादर, जपमाळ हातात घेतो, पण मन लागत नाही. ओठ हलतात, आत काहीच हलत नाही. हे ढोंग नव्हे काय? त्यापेक्षा प्रार्थना न केलेली बरी."

नाही, हे ढोंग नव्हे. नसलेला भाव लोकांना दाखवणे म्हणजे ढोंग. रात्री वीज येते म्हणून कडाक्याच्या थंडीत ओलितासाठी तुम्ही उठता, तेव्हा मनाला गोड वाटते का? तरीही उठता, कारण बागेवर तुमचा जीव आहे. मन लागत नसतानाही देवासमोर येऊन बसणे हे तसेच प्रेम आहे.

स्पेनमधील अविला येथील संत तेरेजा (१५१५-१५८२) हिने आपल्या आत्मचरित्रात प्रार्थनेला बागेच्या ओलिताची उपमा दिली आहे. विहिरीतून हाताने पाणी शेंदणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी बागेत येणे आणि पाऊस पडणे, असे चार प्रकार ती सांगते. पहिल्यात कष्ट फार, शेवटच्यात सारे देवच करतो. कधी विहिरीत सोडलेली बादली कोरडीच वर येते. तरी माळ्याने आपले काम सोडू नये, असे तिचे सांगणे आहे. प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच आपले लक्ष असे, अशी कबुलीही ती देते. हिलाच १९७० साली पोप सहावे पॉल यांनी ख्रिस्तसभेची गुरू म्हणून गौरविले! कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की अनेक वर्षे त्यांच्याही अंतःकरणात असाच अंधार होता. तरी पहाटेची प्रार्थना आणि गरिबांची सेवा त्यांनी सोडली नाही.

मात्र प्रत्येक वाळणारी बाग ताणावर असते असे नाही. मोटार बिघडली असेल तर ती दुरुस्त करावी लागते. म्हणून प्रथम स्वतःला विचारा: मीच प्रार्थनेचा कंटाळा केला काय? कोणाशी वैर धरले आहे काय? एखादे पाप मनात दडवले आहे काय? तसे असेल तर प्रायश्चित्त संस्काराला या. तसे काही नसेल तर घाबरू नका, टिकून राहा.

टिकून कसे राहावे? संत इग्नासियस सांगतात की कोरड्या काळात पूर्वीचा चांगला निश्चय बदलू नये आणि प्रार्थनेची वेळ कमी न करता थोडी वाढवावी. रोज दहा मिनिटे बसत असाल, तर अकरा बसा. शब्द सुचत नसतील तर खरे तेच सांगा: "प्रभो, आज माझे मन कोरडे आहे. तरी मी आलो आहे." प्रभू येशूनेही गेथशेमाने बागेत पुन्हा पुन्हा त्याच शब्दांत प्रार्थना केली. पित्याला नवे शब्द नकोत, खरे मन हवे.

आता एक महत्त्वाची सूचना. ताणालाही मर्यादा असते. हलक्या जमिनीत तो कमी दिवस देतात, भारी जमिनीत जास्त. प्रमाणाबाहेर गेला तर फांद्या वाळतात. तेव्हा बहाराची वाट न पाहता पाणी द्यावे लागते. माणसाचेही तसेच आहे. गारपिटीने फळ गळाले, कर्ज वाढले, आणि मग झोप उडाली, जेवण जाईना, कशातच रस उरला नाही, जगणे नको वाटू लागले, तर त्याला केवळ आत्मिक कोरडेपणा म्हणू नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर औषधोपचार आहे. "विश्वास कमी पडला" असे अशा माणसाला कोणीही बोलू नये. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. माझे दारही उघडे आहे. रात्री आलात तरी चालेल. डॉक्टरकडे जाणे आणि प्रार्थना करणे यांत विरोध नाही.

यंदा बागेचे पाणी तोडाल, तेव्हा त्या मलूल झाडांकडे क्षणभर पाहा. वरून पाने सुकलेली दिसतात, पण मुळे जिवंत आहेत. बागवान बागेला विसरलेला नाही. तो रोज फेरी घालतो, पाने पाहतो, दिवस मोजतो. आपला स्वर्गीय पिता याहून कमी काळजी घेईल काय?