करवली आणि कानपिळ्या
मराठवाड्यातील लग्नघरात यजमानपण आईवडिलांकडे असले, तरी त्या दिवसाचे काही मान असे आहेत की ते वधूवरांच्या भावाबहिणींवाचून पार पडत नाहीत, आणि या मानांकडे निव्वळ थट्टामस्करी म्हणून पाहिले तर त्यांमागील नात्याचा हिशेब नजरेतून निसटतो. छत्रपती संभाजीनगरात त्याची सुरुवात लग्नाच्या कितीतरी आधी, गुलमंडीच्या परिसरात बस्ता बांधताना, म्हणजे लग्नाची कापडखरेदी एकत्र करताना होते. वधूसाठी शालू किंवा जिल्ह्यातल्याच पैठणची पैठणी ठरली, की करवलीची साडी आणि भावाचा पोशाख हे विषय निघतात, आणि रुसव्याफुगव्यांचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

करवली म्हणजे वराची किंवा वधूची पाठराखण करणारी, बहुधा धाकटी, बहीण. करा, म्हणजे पाण्याने भरून वर नारळ ठेवलेला लहान कलश, हाती घेऊन ती बोहल्यावर उभी राहते.

वधूच्या भावाचे काम याहून जुने आणि अधिक अर्थपूर्ण आहे. लाजाहोमात, म्हणजे साळीच्या लाह्यांच्या आहुतीत, वधूच्या ओंजळीत लाह्या घालतो तो तिचा भाऊ. आश्वलायन गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांच्या प्राचीन नियमग्रंथात, या लाह्या भावाने किंवा भावाच्या जागी असलेल्याने दोनदा घालाव्यात असे सांगितले आहे. कन्यादान करून पिता बाजूला झाल्यावरही माहेरचा हात विधीत राहतो तो असा. याच सुमारास तो वराचा कान पिळतो, म्हणून त्याला कानपिळ्या म्हणतात. बहिणीला नीट वागव, अशी ही समज असून, ती निमूटपणे ऐकून घेतल्याची खूण म्हणून वरपक्ष त्याला पोशाख किंवा निदान टॉवेल-टोपी देतो. सूत्रग्रंथांत न सापडणारा हा लोकाचार भर मंडपात, अग्नीच्या साक्षीने विधीशेजारी येऊन बसला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हाच कानपिळ्या पुढे मामा होतो, आणि भाचीच्या लग्नात अंतरपाटामागे तिच्या पाठीशी उभे राहण्याचा मान त्याच्याकडे जातो.

लाह्यांचा हा विधी मात्र सगळ्याच लग्नांत असतो असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर रूढ झालेल्या बौद्ध विवाहपद्धतीत होम नाही, त्यामुळे लाह्याही नाहीत, आणि बुद्ध व आंबेडकर यांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील घेऊन लग्न लागते. भावाबहिणींची धावपळ मात्र तिथेही तेवढीच असते.

वरात घरी पोहोचल्यावर बहिणीची पाळी येते. नवरानवरी उंबऱ्याशी आली की वराची बहीण दार अडवते आणि तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का, असे भावाला विचारते. होकार मिळाल्याशिवाय, किंवा हल्ली पाकीट हाती पडल्याशिवाय, ती वाट सोडत नाही. ज्यांचे लग्न नुकतेच लागले त्यांच्या न जन्मलेल्या मुलीला मागणी घालणारा हा प्रश्न ऐकायला विनोदी वाटला, तरी तो आते-मामे विवाहाच्या, म्हणजे भावाबहिणींच्या मुलांत लग्न करण्याच्या चालीतला आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्रातील या चालीची, विशेषतः मामाची मुलगी करण्याच्या पसंतीची, नोंद घेतली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भावाबहिणींच्या मुलांचा विवाह निषिद्ध नात्यांत धरला, पण रूढीने मान्यता असेल तर तो वैध राहतो अशी सवलतही ठेवली. अनेक घरांत ती चाल आता मागे पडली आहे, दार अडवणे मात्र चालू आहे.

एकुलत्या एका मुलीच्या लग्नात चुलतभाऊ किंवा मावसभाऊ लाह्या घालायला उभा राहतो, तेव्हा कोणाला ती तडजोड वाटते. सूत्रकारांनी मात्र भावाच्या जागी असलेल्याचा उल्लेख करून ती जागा आधीच मोकळी ठेवली होती.